विडीच्या लेबलासाठी सूर्योदय

निपाणी. सोमवार, ता. ४ नोव्हेंबर १९३५

अकरा वर्षांनी का होईना, या गावाला पत्ता लागला की गावात एक आर्टिस्ट राहतो. तंबाखूचे व्यापारी आण्णाप्पा मगदूम यांनी आज वखारीत बोलावून घेतलं. ते आता विड्यांचा कारखाना काढताहेत. बंडलावर चिकटवायला लेबल हवंय. नाव ठरलंय 'सूर्योदय छाप'. चित्र संक्रांतीच्या आत कोल्हापूरच्या छापखान्यात पोचलं पाहिजे.

मगदुमांचं कलेचं ज्ञान शून्य. म्हणाले, "दोन डोंगर काढा, मधी सूर्य काढा, वर चार पाखरं सोडा. झालं." हे तर माझी पहिलीतली पोरं काढतात. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की खरा आर्टिस्ट मनाने सूर्य काढत नाही, समोर पाहून काढतो. स्तवनिधीच्या डोंगरमाथ्यावर पहाटे जाईन, तिथे ईझल मांडीन, सूर्य उगवताना वॉटरकलरमध्ये धरीन. ते म्हणाले, "धरा की." एवढंच. वखारीतल्या तंबाखूच्या खकाण्याने मला मध्येच सात शिंका आल्या. नाहीतर माझ्या बोलण्याचा परिणाम जास्त झाला असता.

निघताना कळलं की एक नमुना मष्णूलाही काढायला सांगितलाय. मष्णू! बैलांची शिंगं आणि छकड्यांची चाकं रंगवणारा. हॉटेलाच्या पाटीवर त्याने काढलेला 'च' मी रोज पाहतो. अजून तो 'च' आहे की लोटा, हे ठरत नाही. त्याची नि माझी तुलना. मी इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षा (दुसऱ्या खेपेस) पास.

घरी येऊन हिला सांगितलं. कल्याणी चांगली बाई आहे, पण कलेच्या बाबतीत पाटी कोरी. एवढी बातमी ऐकून तिने काय विचारावं? "म्हणजे पहाटे उठावं लागेल?"

गुरुवार, ता. ७

टाइमटेबल करून भिंतीला लावलं. साडेतीनला उठणे. चारला निघणे. डोंगर चार मैल, म्हणजे सव्वापाचला पायथा. सहाला माथा. पावणेसातला सूर्य. साडेसातला चित्र पुरं. दहाला घरी जेवायला. रविवारीच उरकून टाकतो. खरं म्हणजे संक्रांतीपर्यंत मुदत म्हणजे माझा अपमानच आहे.

निश्चय : आजपासून नऊला झोपणे. चहा एकच वेळ. वर्गात डुलकी बंद.

रविवार, ता. १०. सकाळी ९.१०

आज जमलं नाही. पण साडेतीनला उठलो, हे इथे नमूद करून ठेवतो. तोंड धुतलं, धोतर नेसलो, कोट चढवला, बूट घालायला पाटावर बसलो. उजवा बूट घातला. डावा हातात घेतला तेव्हा चार वाजत होते आणि तो पायात गेला तेव्हा आठ. या बुटांच्या नाड्या फार लांब आहेत.

पुढच्या खेपेला बूट घालूनच झोपायचं.

सोमवार, ता. १८

काल रात्री बूट घालून झोपलो. बुटांमुळे झोप लागेना, आणि जी शेवटी लागली ती नेमकी साडेतीनला. ही म्हणते, तीनदा उठवलं. मी तिला काहीतरी बोललो असंही म्हणते. काय बोललो ते इथे लिहिण्याची गरज नाही. माणसाला उठवण्याची एक रीत असते. आर्टिस्टला खांद्याला धरून गदागदा हलवत नाहीत.

आज शाळेला पोचायला वीस मिनिटं उशीर. हेडमास्तर दारातच उभे होते. या माणसाला आयुष्यात दुसरं काही काम नाही. घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. न बोलणाऱ्या माणसांचा मला संताप येतो. उत्तर तयार असून फुकट जातं.

रविवार, ता. २४. सकाळी ७.३०

आज निघालो! पावणेपाचला घराबाहेर. थंडी कडक, आकाश स्वच्छ, चित्त प्रसन्न. नाक्यापर्यंत गेलो. तिथे एक कुत्रं.

भ्यायलो असं नाही. पण धोतर नवं, काखेत ईझल, एका हातात रंगांची पेटी, दुसऱ्या हातात छत्री (कागदावर दव पडू नये म्हणून). अशा माणसाने कुत्र्याशी कसं वागावं याचा विचार करत मी बराच वेळ उभा राहिलो. कुत्रंही उभं राहिलं. उजाडलं. घरी आलो. गेली अकरा वर्षं मी त्याच रस्त्याने हिंडतो, ते कुत्रं मला चांगलं ओळखतं आणि तरी भुंकतं. अस्सल निपाणीचं.

शुक्रवार, ता. २९

मोठा शोध. वर्गात पोरांना कळशी काढायला लावून खिडकीतून बाहेर पाहत होतो, तेव्हा सुचलं. सूर्योदय आणि सूर्यास्त यांत चित्रकलेच्या दृष्टीने फरक काय? गोळा तोच. रंग तेच. क्षितिज तेच. एक वर जातो, एक खाली येतो. पण चित्रातला सूर्य तर हलतच नाही! मग तो वर चालला होता की खाली, हे विचारणार कोण?

इतकी सोपी गोष्ट आजवर कोणाच्या लक्षात कशी आली नाही, याचं नवल वाटतं. म्हणजे नवल वाटत नाही. लोक विचारच करत नाहीत.

रविवार, ता. १ डिसेंबर. संध्याकाळी ७.४५

फत्ते! दुपारी जेवून, थोडा पडून, तीनला निघालो. निम्मा रस्ता तंबाखूच्या रिकाम्या गाडीतून. डोंगर चढलो नाही. कारण डोंगरावर गेल्यावर डोंगर दिसत नाही. ही गोष्ट बहुतेक चित्रकार विसरतात. पायथ्याशी रस्त्याच्या मोरीवर बसून काढलं. सूर्य, टेकाडाची कड, पुढे रस्ता, रस्त्यावर गुरं, वर बगळ्यांची रांग. गुरं फार छान उतरली आहेत. एका म्हशीच्या डोळ्यात तर मी चमकसुद्धा टाकली आहे.

हिला दाखवलं. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. संध्याकाळ अगदी हुबेहूब आलीय." मी म्हटलं, ही पहाट आहे. ती म्हणाली, "हो का?" आणि भाकरी थापायला गेली.

बुधवार, ता. ४

आज जे झालं त्याने माझा या गावाबद्दलचा उरलासुरला आदर संपला.

चित्र घेऊन वखारीत गेलो. मगदूम गादीवर. समोर ओसरीत पंधरा-वीस बायका विड्या वळत बसलेल्या. मगदुमांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मी वाट पाहत होतो. एवढ्यात त्या बायकांतली एक, गुणाबाई नावाची, मांडीवरच्या सुपातून मान वर करून म्हणाली, "ही सांज हाय की वो आप्पा."

सगळ्या बायकांचे हात थांबले. मी म्हटलं, बाई, हा सूर्योदय आहे. ती म्हणाली, "मग गुरं गावाकडं तोंड करून का चालल्यात? सकाळची गुरं रानाकडं जात्यात. आनि बगळं बी झाडावर उतराय लागल्यात, मास्तर. आनि ह्या मोरीपासनं ह्या अंगाला दिवस बुडतोय. उगवतोय तो पल्याड, डोंगराच्या पाठीमागनं. मी रोज बगतो." ही बाई त्या डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतली. रोज पहाटे तिथून चालत निपाणीला विड्या वळायला येते. आठवड्यातून दोनदा डोंगरावर सरपणालाही जाते म्हणे. म्हणजे रोज सूर्योदय पाहून हिने काय केलं? विड्या वळल्या!

बायका हसल्या. विडी वळणाऱ्या बाईला कलेवर मत देण्याचा अधिकार कोणी दिला, असं मी विचारणार होतो, पण शिंका आल्या.

मगदूम शांतपणे म्हणाले, "मास्तर, चित्र झाक हाय. पर विडी वडणार हीच मानसं. त्यांनी सांज म्हटली की ती सांजच." मग म्हणाले, "असं करू. सगळीच जाऊ एकदा पहाटे. गुणाबाई वाट दावंल. तुमी तितं बसून काढा. मष्णूलाबी घेऊ, तुमचं सामान धरंल. तुमच्या बाईंनाबी आना." मगदूम साठीचे आहेत. पोट चांगलं पुढे आलेलं. हा माणूस डोंगर चढणार!

मी तारीख दिली : रविवार, बावीस डिसेंबर.

शनिवार, ता. १४

व्यायाम सुरू. आज देवघरापासून न्हाणीपर्यंत चाळीस फेऱ्या. बाविसाव्या फेरीला पोटरी आखडली. हिने तेल चोळून दिलं. म्हणाली, "मी कधी स्तवनिधीचा डोंगर चढले नाही. लग्नाला दहा वर्षं झाली, लांबूनच बघते." मी म्हटलं, तिथे पाहण्यासारखं काही नाही. मी स्वतः अजून चढलो नाही हे सांगायचं कारण नव्हतं.

शनिवार, ता. २१. दुपारी

आज मी शाळेचा राजीनामा दिला.

सोमवारची रजा मागायला गेलो. इतक्या मोठ्या कामानंतर एक दिवस विश्रांती हवीच. हेडमास्तर म्हणाले, "मंगळवारपासून नाताळची सुट्टी आहेच. सोमवारी या. आणि शक्य झालं तर वेळेवर या." हे सगळं इतर मास्तरांसमोर. मी तिथल्या तिथे कागद मागून घेतला आणि इंग्रजीत लिहिलं, 'आय हॅव द ऑनर टु रिझाइन.' ऑनरचं स्पेलिंग त्यांनी सुधारलं. काय माणूस आहे! माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण, आणि हा त्यात एक 'यू' घालतो.

आता पर्वा नाही. उद्या चित्र होईल. पुण्यापासून बेंगळूरपर्यंत बंडलं जातील. मग इतर वखारवाले रांगेत उभे राहतील. उंट छाप, घोडा छाप, ताजमहाल छाप. सगळं मीच काढणार. पोरांच्या वाकड्या कळशा तपासण्यात जन्म घालवायचा नाही.

हिला सांगितलं. ती उठून माजघरात गेली आणि जोंधळ्याच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला. मग उद्याच्या डोंगरासाठी भाकरीचं पीठ दळायला बसली. काही विचारलं नाही. तिच्या डोक्यात असले विषय शिरतच नाहीत, हे बरं आहे.

रविवार, ता. २२. रात्री ८. अंथरुणातून लिहितो आहे. पाय उशीवर

सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते स्वच्छ दिसेल.

मगदुमांची बैलगाडी साडेतीनला दारात. मी तयार होतो (हिने केलं होतं). गाडीत मगदूम, मष्णू आणि आम्ही दोघं. मी वाटेत डोळे मिटून चित्राची मांडणी केली. पायथ्याला आल्यावर मगदूम म्हणाले, "मास्तर घोरत्यात लई." मांडणी करताना माझा श्वास जरा मोठा होतो.

पायथ्याला गुणाबाई कंदील घेऊन उभी. तिची वाट डावीकडून झऱ्याला वळसा घालून जाणारी. मी कंदिलाच्या उजेडात डोंगराकडे पाहिलं आणि भूमितीच्या आधारे दाखवून दिलं की दोन बिंदूंमधलं कमीत कमी अंतर सरळ रेषेत असतं. म्हणजे उजवीकडून सरळ वर. गुणाबाई म्हणाली, "तितनं शेरडंबी जात न्हाईत, मास्तर." मी म्हटलं, मी शेरडू नाही. मगदूम म्हणाले, "ज्येला जसं जायचं तसं जाऊ दे." आणि तो साठीचा, पोट सुटलेला माणूस काठीसुद्धा न घेता तिच्यामागून सरसर वर गेला; सामान घेऊन मष्णू आणि ही त्यांच्या मागोमाग. नंतर मष्णूकडून कळलं की तरुणपणी मगदूम डोक्यावर तंबाखूचे बोद (हे भलेमोठे गठ्ठे) घेऊन घाट चढायचे. ही गोष्ट आधी सांगायला हवी होती.

मी छत्री घेऊन सरळ रेषेत निघालो. पहिली पन्नास पावलं उत्तम. पुढे मुरूम. मुरमावर पाय ठेवला की मुरूम खाली, मी मुरमाबरोबर. तीनदा वर गेलो, तीनदा तिथेच आलो. चौथ्यांदा तिथेही थांबलो नाही. करवंदीच्या जाळीने धोतर धरलं, उजव्या बुटाने तळ सोडला आणि घोटा भलतीकडे वळला. मी ओरडलो नाही. एकदाच हाक मारली. ती लांब ऐकू गेली म्हणतात.

कंदील परत खाली आला. कंदिलामागे कल्याणी. तिने मला एका धोंड्यावर बसवलं, माझं उपरणं फाडून घोटा बांधला, अंगावर स्वतःची शाल टाकली, हातात छत्री दिली. हे सगळं अगदी भराभर. पूर्वेला किंचित पांढुरकं झालं होतं. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "मी वर जाऊ का?"

मला वाटलं, रीत म्हणून विचारते आहे. मी म्हटलं, "जा की."

ती गेली. खरंच गेली. पदर खोचून, कंदील घेऊन, मागे न पाहता. दहा वर्षांत मी तिला इतकं भरभर चालताना पाहिलं नव्हतं.

मग मी एकटा. माझा धोंडा डोंगराच्या पश्चिमेच्या अंगाला, त्यामुळे सूर्य दिसण्याचा प्रश्नच नव्हता. वर हसण्याचे आवाज आले, म्हणजे उगवला असावा. माझ्यासमोर फक्त खालचा मुलूख. सगळ्या शिवारावर डोंगराची सावली पडलेली, निळी, थेट निपाणीपर्यंत. मग लांबच्या कडेने ती मागे सरकू लागली. आधी गावातली कौलं उजळली, मग आंबराई, मग एकेक करून तंबाखूची शेतं. पानांवरचं दव एकदम पेटल्यासारखं व्हायचं आणि विझायचं. सावली हळूहळू माझ्याकडे येत होती, कोणी सतरंजी गुंडाळत यावं तशी. शेवटी ती माझ्या पायांशी येऊन थांबली.

काढण्यासारखं काही नव्हतं. शिवाय सामान वर.

आठला मंडळी खाली आली. आधी गुणाबाई. मला पाहिलं आणि मटकन खालीच बसली. तिला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून हसत होती. मी बायकांची शाल पांघरून, एका पायात बूट, दुसरा पाय उपरण्यात, वर उघडी छत्री, असा बसलो होतो हे खरं. पण दव पडत होतं! मगदूम मात्र हसले नाहीत. समोर उभे राहून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, हलू नगा जरा. असंच बसा." त्यांच्या नजरेत एक प्रकारचा आदर होता. कलेसाठी माणूस काय सोसतो ते त्यांना तिथे प्रथम कळलं असावं. मष्णू शेजारी बसून माझ्या ड्रॉइंग पेपरवर कोळशाने काहीतरी खरडत होता. बहुधा बैल. ते महाग पेपर आहेत हे त्याला काय ठाऊक!

परतताना गाडीत मी हिला विचारलं, वर काय होतं? ती म्हणाली, "सांगता येत नाही." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तेच उत्तर. शब्दसंग्रहच नाही. पण गाडी पायथ्यापासून नाक्यापर्यंत येईतो ती मान वळवून डोंगराकडेच पाहत होती.

मंगळवार, ता. २४

घोटा पपईएवढा. शाळेचा शिपाई विचारपूस करायला आला आणि म्हणाला, राजीनामा अजून हेडमास्तरांच्या टेबलावरच आहे. राहू दे.

चित्र आता घरीच पुरं करतो. मी प्रत्यक्ष जागेवर होतो, हे महत्त्वाचं. सूर्य आणि माझ्यामध्ये फक्त एक डोंगर होता.

शनिवार, ता. २८

चार कागद फाडले. सूर्य अंड्याच्या बलकासारखा येतो. हिला म्हटलं, तू पाहिलास ना, मग रंग तरी सांग. तिने खूप विचार केला आणि म्हणाली, "आधी रंग नव्हताच हो. आधी सगळे गप्प झाले." यावरून चित्र कसं काढायचं?

गुरुवार, ता. २ जानेवारी १९३६

मगदुमांचा निरोप आला. काठी टेकत गेलो. वाटेत नक्की केलं की काम मिळालं तर लगेच हो म्हणायचं नाही. दोन दिवस विचार करतो म्हणायचं.

त्यांनी लेबलाचा नमुना पुढे ठेवला. मष्णूने काढलेला. मध्ये एक धोंडा. धोंड्यावर एक मनुष्य. अंगावर बायकी शाल, वर छत्री, एका पायात बूट, दुसऱ्याला चिंध्या, आणि तोंडावर असा भाव, की सगळं जग आपल्याला विचारूनच चाललंय. खाली ठळक अक्षरांत : 'मास्तर छाप विडी'.

मी म्हटलं, हा कोण?

वखारीत विड्या वळण्याचा आवाजसुद्धा थांबला.

मगदूम म्हणाले, "सूर्य रोजच उगवतोय, मास्तर. सूर्याची लेबलं बाजारात धा हायत, मी परवा मोजून आलो. पर असला मानूस कुटं बगाय मिळत न्हाय. गिऱ्हाईक बगून हसलं, की बंडल उचललं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची हरकत असंल तर न्हाय छापत. बोला."

मी पुष्कळ बोलणार होतो. अब्रूबद्दल, कोर्टाबद्दल. पण गुणाबाई माझ्याकडे पाहत होती. हसत नव्हती. म्हणाली, "मास्तर, आमच्या वस्तीत समद्यांस्नी दावलं मी. माजी सासू वरीसभर हसली नव्हती, ती हसली बगा."

जगातल्या थोर चित्रांना आधी मॉडेल लागतं. मॉडेल नसेल तर चित्रकार काय करणार? त्या दृष्टीने पाहिलं तर लेबलाचं निम्मं काम माझंच आहे. मी मोठ्या मनाने परवानगी दिली.

शनिवार, ता. ४

हेडमास्तरांना भेटलो. मी आपणहून गेलो, हिने फक्त कोट हातात दिला. त्यांना म्हटलं, पोरांचं नुकसान होत असेल तर मी राजीनाम्याचा फेरविचार करायला तयार आहे. त्यांनी खणातून माझा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "ड्रिलमास्तर बेळगावला बदलून गेले. सकाळची ड्रिल तुम्ही घ्याल?"

किती वाजता, म्हणून विचारलं.

"साडेसहाला."

गुरुवार, ता. ९. सकाळी ७.१५

चौथा दिवस. रोज वेळेवर. ही खांद्याला धरून हलवते आणि मी उठतो.

सूर्य शाळेच्या मुतारीमागून उगवतो. विशेष काही नाही. पोरं 'एक दोन एक दोन' करतात आणि मी त्यांच्या मागे उभा राहतो. पोरं मधूनमधून मागे वळून माझ्याकडे पाहतात आणि आपापसांत हसतात. लेबल अजून छापून आलेलं नाही. बातम्या आधीच पोचतात. तंबाखूचा खकाणा जसा घराघरांत पोचतो तशा.

शनिवार, ता. ११

संध्याकाळी मष्णू घरी आला. दारातच उभा, हातात लेबलाचा मोठा कागद. मला वाटलं, माफी मागायला आला. म्हणाला, "मास्तर, छापखान्यानं परत धाडलं. म्हनत्यात, समदं झाक हाय, पर छत्री धरल्याला हात खोटा दिसतोय. मला शिंगं येत्यात, चाकं येत्यात. हात काय येत न्हाय. तुमी काढून द्याल का?"

मी म्हटलं, बस.

कंदील जवळ घेतला. डाव्या हातात छत्री धरली आणि उजव्या हाताने काढायला बसलो. कल्याणी कंदिलाची वात वर करत होती. बोटांची पेरं, अंगठ्याचा दाब, मनगटाची शीर. पहिला खोडला, दुसरा खोडला, तिसरा ठेवला. या सबंध खटाटोपात कामी आलेलं माझं हे पहिलं ड्रॉइंग. कल्याणी वाकून पाहत होती. म्हणाली, "तुमचाच हात आहे."

 मष्णूने मला वाकून नमस्कार केला. असा नमस्कार मला शाळेत कोणी केलेला नाही.

मी त्याला विचारलं, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझी सही घालू का? 'गो. वि. गळतगेकर', फार जागा लागत नाही.

त्याने कागद उजेडात धरून नीट पाहिलं. त्याला मनापासून वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. म्हणाला, "जागा न्हाय वो मास्तर. तितं 'पंचवीस विड्या' लिवायचंय."